सायलेन्सर, ब्लो गनचं नॉझल आणि कॉम्प्रेसरची पेटी: हवेचा आवाज नेमका कशाने उतरतो

सोलेनॉइड व्हॉल्व्हच्या (विजेच्या इशाऱ्यावर हवा सोडणाऱ्या-अडवणाऱ्या व्हॉल्व्हच्या) एक्झॉस्टवर, म्हणजे वापरलेली हवा बाहेर पडते त्या तोंडावर, बसणारा अंगठ्याएवढा ब्राँझचा सायलेन्सर ही हवेवर चालणाऱ्या यंत्रांचा गोंगाट कमी करणारी सगळ्यात साधी वस्तू. सगळ्यात जास्त वेळा काढून ड्रॉवरमध्ये टाकली जाणारीही तीच. बसवला त्या दिवशी सिलिंडरचा फटका 'फुस्स'वर येतो. काही महिन्यांत त्याची भोकं बुजतात, सिलिंडर रेंगाळायला लागतो, पाळीवरचा फिटर पाना लावून सायलेन्सर काढतो आणि मशीन पूर्ववत पळू लागतं. आवाजही पूर्ववत होतो. म्हणून या परीक्षणात प्रत्येक वस्तूला दोन कसोट्या लावल्या आहेत: नवी असताना ती किती आवाज उतरवते, आणि तेल-धूळ बसल्यावर ती कशी वागते. दुसऱ्या कसोटीला आम्ही जास्त वजन दिलं आहे, कारण डब्यावर छापलेला डेसिबलचा आकडा फक्त पहिलीबद्दल बोलतो.

आवाज मुळात कुठून येतो ते आधी पाहू, कारण पुढची सगळी निवड त्यावरच ठरते. ६ बारची हवा उघड्या भोकातून सुटते तेव्हा भोकापाशी तिने ध्वनीचा वेग गाठलेला असतो. आतला निरपेक्ष दाब (गेजवरचा दाब अधिक वातावरणाचा १ बार) बाहेरच्या दाबाच्या साधारण १.९ पट झाला की हे घडतं, म्हणजे गेजवर जेमतेम ०.९ बार पुरतो. ही धार आजूबाजूच्या स्थिर हवेत घुसळली जाते आणि त्या घुसळणीचाच आवाज होतो. धारेची ध्वनिशक्ती वेगाच्या आठव्या घातात वाढते, हे ब्रिटिश गणितज्ञ जेम्स लाइटहिल यांनी १९५२ मध्ये मांडलं. हिशेब उलटा केला तर वेग निम्मा झाल्यावर २४ डेसिबल उतरायला हवेत. कारखान्यात हा आकडा इतका सरळ हाती लागत नाही, पण त्यातून चांगल्या सायलेन्सरची ओळख पटते: तो हवा अडवण्याऐवजी तिला हजारो बारीक वाटांनी पसरवून सोडतो.

डेसिबलची बेरीज साधी नसते, हेही खरेदीआधी लक्षात असावं. एका मशीनवर सारख्या आवाजाचे दहा एक्झॉस्ट असतील आणि त्यातल्या एकालाच सायलेन्सर लावून पाहिला, तर एकूण आवाज अर्धा डेसिबलसुद्धा धड उतरत नाही. पाचांना लावले तर ३ डेसिबल. अशी एकाच ठिकाणची चाचणी घेऊन 'काही फरक पडत नाही' असा निकाल देणं चुकीचं आहे. मशीनवरच्या सगळ्या एक्झॉस्टना सायलेन्सर लावायचे, मगच मोजायचं. उलट बाजूही खरी: १०० डेसिबलची ब्लो गन (हवेची धार मारायची हातातली गन) शेजारी चालू असेल तर ९० डेसिबलचा कॉम्प्रेसर बंद केल्याने जेमतेम ०.४ डेसिबल कमी होतात. सगळ्यात मोठा आवाज आधी पकडायचा.

सायलेन्सर: ब्राँझ, प्लास्टिक आणि जाळीचे

सिन्टर्ड ब्राँझ म्हणजे ब्राँझचे बारीक गोळे तापवून एकमेकांना चिकटवलेला सच्छिद्र धातू. शंकूच्या किंवा टोपीच्या आकाराचा, पितळी आटे असलेला. साधारण १५ ते २५ डीबीए (कानाच्या संवेदनेप्रमाणे मोजलेले डेसिबल) उतरवतो. उष्णता सोसतो, पाना लागला तरी फुटत नाही, धुऊन पुन्हा वापरता येतो. एक सूत, पाव इंच, अर्धा इंच अशा सगळ्या मापांत सहज मिळतो. कोरड्या, तेल नसलेल्या हवेच्या लाइनवर याला आमची पहिली पसंती.

त्याची दुखरी जागा म्हणजे तेल. लाइनमध्ये ल्युब्रिकेटर (हवेत तेल मिसळणारं उपकरण) असेल किंवा पिस्टन कॉम्प्रेसर तेल ओकत असेल, तर तेल आणि धूळ मिळून छिद्रांत लगदा बसतो. आतल्या बाजूचा थर आधी बुजतो, त्यामुळे बाहेरून सायलेन्सर चकचकीत दिसला तरी हवा जात नसते. धुताना रॉकेलमध्ये किंवा डीग्रीजरमध्ये रात्रभर बुडवून ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी बाहेरून आत, म्हणजे नेहमीच्या उलट दिशेने, कमी दाबाची हवा मारायची. अल्ट्रासॉनिक टाकी असेल तर काम आणखी चांगलं होतं. तारेच्या ब्रशने घासू नये: मऊ ब्राँझ छिद्रांवर पसरतं आणि ती कायमची मिटतात. गॅसच्या ज्योतीवर जाळणं तर दुहेरी नुकसानीचं, तेलाचा कोळसा आतच राहतो आणि गोळ्यांची पकड सुटते.

याच ब्राँझचे चपटे, जेमतेम षटकोनी नटाएवढे सायलेन्सरही मिळतात. जागा कमी असली की मोह होतो, पण त्यांचा बाहेर पडायचा पृष्ठभाग इतका लहान असतो की मागे दाब साचतो. सावकाश चालणाऱ्या लहान सिलिंडरला ठीक, वेगाच्या कामाला आम्ही सुचवणार नाही.

सच्छिद्र पॉलिएथिलीनचे पांढरे, लांबट सायलेन्सर आवाजाच्या बाबतीत ब्राँझच्या पुढे आहेत. पृष्ठभाग मोठा आणि भिंत जाड असल्यामुळे २० ते ३० डीबीए सहज उतरतात, तेही ब्राँझपेक्षा कमी अडथळ्यात. पॅकिंग मशीन, असेंब्ली लाइन, जिथे माणूस यंत्रापासून हातभर अंतरावर बसतो, तिथे हेच घ्यावेत. पथ्यं मात्र पाळावी लागतात. भट्टीजवळ किंवा गरम साच्याच्या मशीनवर ते मऊ पडतात, तिथे ब्राँझच हवा. थिनर आणि सॉल्व्हेंटच्या वाफा असतील तर घेण्याआधी उत्पादकाचा रसायनांचा तक्ता पाहावा. आटेही प्लास्टिकचेच असले तर हाताने पूर्ण फिरवून वर पाव फेरा, बस. पाना लावून आवळला की गळ्यापाशी तडा जातो आणि एखाद्या दिवशी फटक्यासरशी डोकं उडून लांब पडतं. माणसाच्या चेहऱ्याच्या रेषेत एक्झॉस्ट येत असेल तर एल्बो (काटकोनी जोड) लावून त्याचं तोंड वळवावं.

इथेच टेफ्लॉन टेपबद्दल सांगायला हवं. एक्झॉस्टच्या आट्यांना टेप लागतच नाही; तिथे थोडी हवा बाजूने गेली तरी बिघडत नाही, ती बाहेरच जाणार असते. टेपचा धागा मात्र व्हॉल्व्हच्या स्पूलमध्ये (आतल्या सरकत्या दांड्यात) शिरला की व्हॉल्व्ह अडकतो.

तिसरा प्रकार धातूच्या डब्यात तारेची जाळी किंवा फेल्ट भरलेला. आवाज तुलनेने कमी उतरतो, पण लवकर तुंबत नाही. धुळीच्या जागी, लाकूडकाम आणि ओतकाम विभागांत हाच टिकतो. पाच डेसिबल कमी उतरले तरी चालतील, पण वर्षभर जागेवर राहणारा सायलेन्सर दोन महिन्यांत काढल्या जाणाऱ्यापेक्षा केव्हाही चांगला.

तेलाचा फवारा खरोखरच जास्त असेल तर तेल पकडणारा कोलेसिंग सायलेन्सर घ्यावा. आतल्या बारीक तंतूंच्या नळकांड्यावर तेलाचे कण एकत्र येऊन थेंब होतात आणि खालच्या वाटीत जमतात. आवाज उत्तम उतरतो, खोलीतला तेलाचा धूरही थांबतो. तो उभाच बसवावा लागतो, वाटी रिकामी करावी लागते आणि आतलं नळकांडं ठरावीक काळाने बदलावं लागतं. प्रत्येक व्हॉल्व्हला एकेक लावण्यापेक्षा सगळे एक्झॉस्ट एका जाड नळीत जोडून टोकाला एकच मोठा लावणं शहाणपणाचं. या नळीचं माप मोजूनच घ्यावं: ८ मिलिमीटरचे पाच एक्झॉस्ट एकाच वेळी सुटणार असतील तर त्यांचं एकूण क्षेत्रफळ २५१ चौरस मिलिमीटर होतं, म्हणजे आतून किमान १८ मिलिमीटरची नळी हवी. लांबी आणि वळणं धरून २५ मिलिमीटर घ्या. बारीक नळी घेतली तर एका सिलिंडरची सुटलेली हवा दुसऱ्याच्या एक्झॉस्टमधून उलटी शिरते आणि थांबलेला सिलिंडर अचानक हलतो. ग्रिपर किंवा क्लॅम्प असेल तर हा धोका खरा आहे, त्या व्हॉल्व्हचा एक्झॉस्ट वेगळाच ठेवावा किंवा त्याला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लावावा.

ल्युब्रिकेटर बंद करून टाकला तर तुंबण्याचा प्रश्न सुटेल असं वाटू शकतं. हल्लीचे बहुतेक सिलिंडर कारखान्यातूनच ग्रीस भरून येतात आणि त्यांना तेलाची गरज नसते. पण ज्या सिलिंडरला आजवर तेल मिळत आलं आहे त्याचं मूळ ग्रीस धुऊन गेलेलं असतं. त्याचं तेल एकदम बंद केलं तर सील कोरडे पडून फाटतात. नव्या मशीनवर ल्युब्रिकेटर लावूच नये, जुन्यावर तेलाची गती कमीत कमी ठेवावी.

माप निवडताना आट्यांचं माप पाहून थांबू नये. ५० मिलिमीटर बोअर (आतला व्यास) आणि २०० मिलिमीटर स्ट्रोकचा (पिस्टनच्या धावेचा) सिलिंडर घ्या. त्याचं आकारमान साधारण ०.३९ लिटर. ६ बारला, म्हणजे ७ बार निरपेक्ष दाबाला, त्यातून प्रत्येक स्ट्रोकला सात पट, २.७५ लिटर मोकळी (वातावरणाच्या दाबाची) हवा बाहेर पडते. स्ट्रोक ०.३ सेकंदात हवा असेल तर सरासरी ५५० लिटर प्रति मिनिट होतात, आणि सुरुवातीचा झटका त्याहून बराच मोठा असतो. कॅटलॉगमध्ये ६ बारला १,१०० लिटरच्या आसपास प्रवाह सांगितलेला सायलेन्सर निवडला तर थोडी घाण बसूनही वेग टिकतो. नेमकी हीच दुपटीची सूट बहुतेक ठिकाणी दिलेली नसते. मग पहिल्या धुळीबरोबर सिलिंडर मंदावतो आणि दोष सायलेन्सरला मिळतो.

कॅटलॉगमधल्या डेसिबलच्या आकड्यांची तुलना करताना मोजणी कोणत्या दाबाला आणि किती अंतरावर केली ते शोधा. एक्झॉस्ट सायलेन्सरच्या आवाजाच्या चाचणीसाठी आयएसओ २०१४५ हे मानक आहे. दोन्ही उत्पादकांनी त्याप्रमाणे मोजलेलं असेल तरच आकडे शेजारी ठेवता येतात.

वेग नियंत्रणाचा स्क्रू असलेले सायलेन्सर एका दगडात दोन पक्षी मारल्यासारखे वाटतात. आम्हाला ते फारसे पटले नाहीत. व्हॉल्व्हपासून सिलिंडरपर्यंतच्या नळीत हवा दाबली-फुगली जाते, त्यामुळे वेगावरची पकड सैल राहते. सिलिंडरच्या तोंडाशी लावलेला फ्लो कंट्रोल कितीतरी नेमका चालतो. शिवाय कंपनाने स्क्रू फिरतो. घ्यायचाच असेल तर लॉकनट असलेला आणि स्क्रू पूर्ण बाहेर येऊ न देणारा घ्या.

आणीबाणीत सगळी हवा सोडणाऱ्या डंप व्हॉल्व्हच्या बाबतीत नियम वेगळा. तिथला सायलेन्सर तुंबला तर आपत्कालीन बटण दाबूनही मशीनमधला दाब वेळेत उतरत नाही. तिथे तुंबल्यावर उघडणारी वाट असलेला, त्याच व्हॉल्व्हसाठी उत्पादकाने सुचवलेला मोठा सायलेन्सर लागतो. कॉम्प्रेसरच्या टाकीवरच्या सेफ्टी व्हॉल्व्हला तर काहीही लावायचं नाही, आवाज कितीही होवो.

व्हॅक्यूम इजेक्टर, म्हणजे दाबाच्या हवेने ओढ तयार करून सक्शन कपने वस्तू उचलणारं उपकरण, हा आणखी एक अपवाद. तो ओढून घेतलेली कागदाची, पुठ्ठ्याची धूळ एक्झॉस्टमधूनच बाहेर टाकतो. नेहमीचा ब्राँझ लावला की काही दिवसांत पकड सुटायला लागते, आणि सक्शन कप झिजले म्हणून ते बदलले जातात. इजेक्टरला आरपार मोकळी वाट असलेला, भोवती फोम गुंडाळलेला सायलेन्सरच लावावा.

ब्लो गन: इथे पैसे आणि श्रम दोन्ही वसूल होतात

चिप्स (धातूचा कीस) उडवायला हाताने वाकवलेली, पुढे उघडी तांब्याची नळी जवळपास प्रत्येक वर्कशॉपमध्ये सापडते. ४ मिलिमीटरचं उघडं भोक ६ बारला मिनिटाला ८०० लिटरच्या आसपास हवा खातं आणि वापरणाऱ्याच्या कानापाशी आवाज १०० डीबीएपर्यंत सहज नेतं. नायोश या अमेरिकन संस्थेच्या शिफारशीप्रमाणे ८५ डीबीएमध्ये ८ तास राहता येतं आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. त्या हिशेबाने १०० डीबीएला दिवसाकाठी फक्त १५ मिनिटं उरतात. दर तासाला दोन मिनिटं ब्लो गन वापरणाऱ्याचा दिवसाचा कोटा तिथेच संपतो, मागे चाललेल्या मशीनचा आवाज धरायचाच राहिला.

यावर तयार मिळणारी नॉझल दोन मुख्य प्रकारची. पहिल्यात एका मोठ्या भोकाऐवजी गोलात लावलेली बारीक भोकं किंवा चिरा असतात. त्यांच्या धारा आजूबाजूची हवा सोबत ओढून नेतात, त्यामुळे कमी हवेत जवळपास तेवढाच मारा मिळतो. दुसऱ्यात मधली धार जोरदार असते आणि भोवती मंद हवेचं वेष्टण असतं. लांबून मारा करायला हे बरं. दोन्ही प्रकार उघड्या नळीपेक्षा १० डेसिबल आणि कित्येकदा त्याहून जास्त उतरवतात. हवेची बचत वेगळी.

निवडताना न्यूटनमध्ये दिलेला माऱ्याचा जोर पाहा. तोच दाब आणि तेच अंतर धरून दोन नॉझलची तुलना करा. कमी आवाजाचं म्हणून कमी जोराचं नॉझल आणलं तर ते आठवड्यात निघतं आणि तांब्याची नळी परत येते. जड चिप्स आणि कुलंटला जोराचं धातूचं नॉझल, हलक्या धुळीला लहान, असा फरक ठेवावा. प्लास्टिकचं टोक गरम चिप्सने वितळतं. बारीक भोकांची नॉझल लाइनच्या गंजाने बुजतात, म्हणून गनच्या आधी ४० मायक्रॉनचा फिल्टर असावा.

टोक कातडीवर टेकलं तरी हवा बाजूने निसटेल अशी खाच नॉझलला असायलाच हवी. अमेरिकेतल्या ओशा या कामगार-सुरक्षा संस्थेचा साफसफाईच्या हवेचा नियम टोक बंद झाल्यावरचा दाब ३० पीएसआय, म्हणजे साधारण २ बार, याच्या आत ठेवायला सांगतो, तो याचसाठी.

नॉझल बदलण्याआधी एक गोष्ट फुकट करता येते. गनच्या लाइनला रेग्युलेटर असेल तर ६ बारचा ३ बार करा. प्रवाह निरपेक्ष दाबाच्या प्रमाणात चालतो, म्हणजे ७ चा ४ होतो: ४३ टक्के हवा वाचते आणि आवाज लगेच कानाला जाणवण्याइतका उतरतो. बऱ्याच कामांना ३ बार पुरतो. हाताने गन धरून काम करणाऱ्यालाच दाब ठरवू द्यावा, तरच तो टिकतो. आणखी एक: धार भोकांच्या किंवा खाचांच्या काठावर आडवी मारली की शिट्टी वाजते, मग नॉझल कितीही चांगलं असो. कोन १५-२० अंशांनी बदलून पाहावा.

सतत चालणाऱ्या फुंकणीला, उदाहरणार्थ कन्व्हेयरवरचे भाग सुकवायला, कॉम्प्रेसरची हवा वापरूच नये. कमी दाबाचा ब्लोअर आणि एअर नाइफ (हवेचा पातळ पडदा सोडणारी लांब चीर) लावा. ते जमत नसेल तर सेन्सर आणि सोलेनॉइड लावून भाग समोर आल्यावरच हवा सुटेल असं करा.

हातातली अवजारं

एअर ग्राइंडर आणि ड्रिलचा बराचसा आवाज मोटारीच्या एक्झॉस्टचा असतो. एक्झॉस्ट मागच्या बाजूने नेणारी, सप्लाय होजच्या भोवती दुसरी जाड नळी असलेली रचना मिळते आणि ती खूप उपयोगी आहे: हवा कानापासून मीटर-दीड मीटर लांब सुटते, तेलही तोंडावर येत नाही. नळी बारीक निवडली तर ग्राइंडरचा वेग पडतो आणि माणूस जोर लावायला लागतो.

इम्पॅक्ट रेंचकडून मात्र फार अपेक्षा ठेवू नये. त्यातला मोठा वाटा हातोडी आणि ऐरणीच्या धडकेचा, तो एक्झॉस्टच्या मफलरने जात नाही. शक्य तिथे पल्स टूल किंवा टॉर्क आल्यावर बंद होणारा नटरनर घ्यावा. हॉपरवरच्या बॉल व्हायब्रेटरलाही हेच लागू. गोळी कड्यावर घासत फिरते तोच आवाज. टर्बाइन प्रकारचा व्हायब्रेटर तेच काम कितीतरी शांतपणे करतो.

डायफ्राम पंप आणि एअर मोटारच्या सायलेन्सरवर बर्फ धरतो. हवा फैलावताना थंड होते, त्यात ओलावा असला की छिद्रं गोठतात आणि पंप थांबत-थांबत चालतो. मोठा सायलेन्सर लावून उपयोग नाही, ड्रायर हवा. तो होईपर्यंत जाळीचा, मोकळ्या वाटेचा सायलेन्सर चालवा.

कॉम्प्रेसर: पेटी करण्याआधी

पिस्टन कॉम्प्रेसरचा दूरवर पोचणारा घुमणारा आवाज बहुतांशी इनटेकचा, म्हणजे हवा ओढून घेणाऱ्या तोंडाचा, असतो. मूळ फिल्टर म्हणजे अनेकदा नुसती कागदी चकती आणि पत्र्याचं झाकण. त्याजागी आत कक्ष आणि नळी असलेला फिल्टर-सायलेन्सर बसवला की फरक लगेच कळतो. पेटीच्या तुलनेत खर्च नगण्य, म्हणून पिस्टन मशीनवर पहिला क्रमांक याचाच.

इनटेक पाइपने बाहेर नेणार असाल तर लांबी मोजा. ९०० आरपीएमला फिरणाऱ्या, दोन सिलिंडरच्या सिंगल-स्टेज पंपाचे ओढीचे ठोके सेकंदाला ३० पडतात. त्या सुराच्या लाटेची लांबी ११.४ मीटर आणि तिचा पाव भाग २.९ मीटर. पाइप नेमका तेवढा झाला तर तो बासरीसारखा वाजतो, पंपाचा भरणाही बिघडतो. दीड मीटर घ्या, व्यास फिल्टरच्या तोंडापेक्षा मोठा ठेवा. टू-स्टेज मशीनमध्ये बाहेरची हवा फक्त मोठा सिलिंडर ओढतो. तो एकच असेल तर ठोके १५ पडतात आणि टाळायची लांबी ५.७ मीटर होते.

पायाखालचे रबर पॅड ही सगळ्यात जास्त फसगत होणारी खरेदी. पॅडने मशीनच्या वजनाखाली किती दबायला हवं हे कुणी विचारतच नाही. २ मिलिमीटर दबणाऱ्या पॅडवर मशीनची नैसर्गिक कंपनगती ११ हर्ट्झच्या वर येते. ९०० आरपीएमच्या मशीनची कंपनं १५ हर्ट्झची. दोन्ही इतके जवळ असले की पॅड कंपन रोखण्याऐवजी जवळपास २५ टक्के वाढवून जमिनीत देतो. तेच १० मिलिमीटर दबणारी स्प्रिंग घेतली तर नैसर्गिक गती ५ हर्ट्झवर उतरते आणि जमिनीत जाणारं कंपन साधारण आठवा हिस्सा उरतं. हळू फिरणाऱ्या पट्ट्याच्या कॉम्प्रेसरला स्प्रिंग माउंट घ्या, २,९०० आरपीएमच्या डायरेक्ट ड्राइव्हला रबर पुरतं. माउंट मऊ झाले की मशीन सुरू होताना जास्त डोलते, म्हणून डिलिव्हरीला लवचीक होज हवाच. कडक पाइप भिंतीला क्लॅम्प केलेला राहिला तर सगळं कंपन भिंतीत जातं आणि पलीकडची खोली वाजते.

प्रेशर स्विचचा अनलोडर (पंपातला दाब सोडून देणारा व्हॉल्व्ह) प्रत्येक वेळी मशीन थांबताना फिसकारतो आणि टाकीतलं पाणी आपोआप सोडणारा ऑटो ड्रेन दर काही मिनिटांनी दचकवतो. अनलोडरला एक सूत मापाचा छोटा सायलेन्सर चालतो, तो तुंबला नाही ना हे मात्र पाहत राहावं, नाहीतर पंप भरल्या दाबावर सुरू व्हायला धडपडतो. ड्रेनला सायलेन्सर लावूच नये, गंजाचं पाणी त्याला दिवसात बुजवतं. त्याची नळी झाकणाला मोकळी वाट असलेल्या डब्यात सोडावी. टायमरऐवजी पाणी साचल्यावरच उघडणारा ड्रेन हवाही वाचवतो.

आता पेटी. फक्त अंड्यांच्या ट्रेसारखा फोम चिकटवलेली पेटी घेऊ नका. फोम आतला प्रतिध्वनी शोषतो, आवाज अडवतं ते वजन. १८ मिलिमीटरचा प्लायवूड चौरस मीटरला १० ते १२ किलो भरतो, त्याच्या आत ५० मिलिमीटर रॉकवूल आणि वर सच्छिद्र पत्रा, ही रचना चालते. तेलाच्या वाफा असलेल्या गरम जागेत उघडा पॉलियुरेथेन फोम आगीला आमंत्रण आहे, तो टाळाच.

पेटीचा सगळा जीव फटींत असतो. एकूण पृष्ठभागाच्या एक टक्का जागा उघडी राहिली तर भिंत कितीही जाड असो, २० डेसिबलच्या वर काही मिळत नाही. ६ चौरस मीटरच्या पेटीत एक टक्का म्हणजे २० बाय ३० सेंटिमीटरचं एक भोक. आणि हवेसाठी भोक तर ठेवावंच लागतं, कारण मोटारीने घेतलेली जवळजवळ सगळी वीज उष्णता होऊन पेटीत येते. आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा १० अंशांनीच वाढू द्यायचं असेल तर प्रत्येक किलोवॅटला ताशी सुमारे ३०० घनमीटर हवा फिरायला हवी. ७.५ किलोवॅटच्या मशीनला ताशी २,२०० घनमीटरहून जास्त. म्हणून हवा येण्या-जाण्याच्या वाटा दोन वळणांच्या, आतून रॉकवूल लावलेल्या बोगद्यासारख्या कराव्या लागतात आणि पंखा त्या वळणांचा अडथळा पेलणारा घ्यावा लागतो. तयार पेटी विकणाऱ्याला हा प्रवाहाचा आकडा विचारा. तो सांगता आला नाही तर पेटी घेऊ नका. इनटेक पेटीबाहेरूनच द्या, कारण ओढलेली हवा ४ अंशांनी गरम झाली की वीज साधारण एक टक्का जास्त लागते. तापमान वाढल्यावर मोटार बंद करणारा स्विच, तेलाची काच दिसेल अशी खिडकी आणि ड्रेनपर्यंत हात पोचेल असं दार, या तिन्ही गोष्टी हव्यात.

नवा कॉम्प्रेसरच घ्यायचा असेल तर कॅनोपीतला (कारखान्यातूनच बंद पेटीत येणारा) स्क्रू कॉम्प्रेसर बहुधा ६५ ते ७५ डीबीएत बसतो, उघडा पिस्टन ८० ते ९५ मध्ये. आकड्यासोबत अंतर वाचा. ७ मीटरवरचे ६८ डेसिबल मोकळ्या जागेत १ मीटरवर ८५ होतात. ध्वनिशक्ती म्हणून छापलेला आकडा वेगळाच असतो, कठीण जमिनीवर मोकळ्या जागेत १ मीटरवरचा दाब त्याहून ८ डेसिबल कमी येतो. आयएसओ २१५१ प्रमाणे मोजलेला आकडा मागा.

खरेदीची यादी करण्याआधी जेवणाच्या सुट्टीत सगळी मशीन बंद करून फक्त लाइन दाबाखाली ठेवा आणि ऐका. ७ बारला ३ मिलिमीटरची एक गळती मिनिटाला ६०० लिटरच्या आसपास हवा सोडते, अखंड फिसकारत, आणि कॉम्प्रेसर त्याच हवेसाठी पुन्हा पुन्हा सुरू होतो. साबणाच्या पाण्याने सांधे तपासा, कपलिंगचे ओ-रिंग बदला. मोबाइलवरचं मोजणीचं ॲप आधी-नंतरच्या फरकासाठी चालतं, तोच फोन, तीच जागा, तेच मशीन ठेवून. कायदेशीर नोंदीसाठी कॅलिब्रेट केलेला मीटर लागतो.

सायलेन्सर बसवताना त्यावर मार्करने तारीख लिहा आणि नव्या सायलेन्सरसह सिलिंडरच्या दहा फेऱ्यांना लागलेला वेळ मशीनच्या पत्र्यावर नोंदवा. हा वेळ दहा टक्क्यांनी वाढला की सायलेन्सर धुवायला काढायचा आणि कपाटातल्या धुतलेल्या संचातला लावायचा. प्रत्येक मापाचे दोन संच ठेवले तर पाळीच्या मध्यावर उघड्या एक्झॉस्टवर मशीन चालवायची वेळ येत नाही.